जुन्या मदरबोर्डचा ड्रायव्हर: चिपलाच तिचं नाव विचारा



आजचा विषय थेट दुरुस्तीच्या टेबलावरचा आहे. जुना डेस्कटॉप फॉरमॅट केला, विंडोज व्यवस्थित बसलं, आणि बघतो तर काय, पडद्यावरचं सगळं मोठं आणि पसरट दिसतंय, इंटरनेट लागत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी चिन्हं बसलेली. मग बोर्डाच्या कंपनीचं नाव टाकून शोध सुरू होतो. कंपनीचं पान उघडत नाही, किंवा कंपनीच बंद झालेली असते. शेवटी कोणीतरी सांगतं, "याचे ड्रायव्हर आता येत नाहीत, नवा घ्या." या एका वाक्यावर चांगली चालती मशीनं भंगारात जातात.

मी इंदूरला हेच दुरुस्तीचं काम करते. माझ्या अनुभवात "ड्रायव्हर मिळत नाही" म्हणून आलेल्या बहुतेक मशीनांचा ड्रायव्हर मिळतो. फक्त तो चुकीच्या नावानं शोधलेला असतो. आज मला तुम्हाला एवढंच दाखवायचंय की बरोबर नाव कुठं लिहिलेलं असतं, आणि ते मिळाल्यावर पुढं काय करायचं.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते दोन वाक्यांत. आपल्यापैकी बरेच जण परराज्यात राहतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला पटकन समजेल. ड्रायव्हर हा दुभाषी आहे. विंडोजला "हे पान नेटवर्कवरून पाठव" एवढंच म्हणता येतं. नेटवर्कच्या चिपला तिची स्वतःची भाषा असते. दोघांमधलं बोलणं ड्रायव्हर करतो. दुभाषी नसेल तर चिप धडधाकट असूनही मुकी राहते. म्हणजे पिवळं चिन्ह दिसलं की भाग बिघडला असं समजू नका. बहुतेक वेळा फक्त दुभाषी आलेला नसतो.

आता मदरबोर्ड. मदरबोर्ड म्हणजे जुना वाडा समजा. वाड्याच्या दारावर एका मालकाचं नाव असतं, पण आत बिऱ्हाडं वेगवेगळी. नेटवर्कची चिप बहुधा रिअलटेकची, आवाजाची चिप रिअलटेक किंवा व्हीआयएची, चिपसेट इंटेल किंवा एएमडीचा. बोर्ड बनवणारी कंपनी या चिपा विकत घेते आणि एका पाटीवर बसवते. तिच्या वेबसाइटवर जे ड्रायव्हर असतात, ते बहुतेक या चिपवाल्यांकडूनच आलेले असतात. म्हणून वाड्याचा मालक गाव सोडून गेला तरी बिऱ्हाडाच्या नावानं पाठवलेलं पत्र पोचतं.

आणि मालक गाव सोडून जातात, हे खरं आहे. इंटेलचंच बघा. आपल्याकडे इंटेलचे डेस्कटॉप बोर्ड भरपूर विकले गेले. जानेवारी २०१३ मध्ये इंटेलनं जाहीर केलं की डेस्कटॉप मदरबोर्डचा धंदा आपण हळूहळू बंद करणार. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आणि बायॉसच्या फायली स्वतःच्या डाउनलोड पानांवरून काढायला घेतल्या. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं, तर छोट्या नावांनी विकल्या गेलेल्या बोर्डांची गोष्टच सोडा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठल्याही बाजारात जुने बोर्ड बघा, कित्येकांवर "एच६१" किंवा "जी४१" असं चिपसेटचं नाव तेवढं मोठं छापलेलं असतं. कंपनीचा पत्ताच नसतो.

मग चिपचं नाव कुठं मिळतं? विंडोजनं ते आधीच वाचून ठेवलेलं असतं. कॉम्प्युटरच्या चिन्हावर राइट क्लिक करा, मॅनेज निवडा, मग डिव्हाइस मॅनेजर. पिवळं चिन्ह असलेल्या ओळीवर डबल क्लिक करा. डिटेल्स नावाच्या टॅबमध्ये जा, आणि वरच्या यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. खाली इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची लांब ओळ दिसेल. ती घाबरवणारी दिसते, पण आपल्याला तिच्यातले दोनच तुकडे हवेत.

पहिला तुकडा व्हीईएन. म्हणजे व्हेंडर, चिप बनवणारा. त्यापुढे चार अक्षरी क्रमांक असतो. ८०८६ असेल तर इंटेल. हा क्रमांक लक्षात राहायला सोपा, कारण १९७८ सालच्या इंटेलच्या प्रसिद्ध प्रोसेसरचं नावच ते आहे. १०ईसी असेल तर रिअलटेक. १००२ किंवा १०२२ असेल तर एएमडी. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. ११०६ म्हणजे व्हीआयए.

दुसरा तुकडा डीईव्ही. म्हणजे डिव्हाइस, त्या कंपनीची नेमकी कोणती चिप. हे दोन तुकडे म्हणजे चिपचं आडनाव आणि नाव. पुढे सबसिस म्हणून आणखी एक क्रमांक असतो, तो चिप कोणाच्या बोर्डावर बसली आहे ते सांगतो. शेवटी आरईव्ही, म्हणजे चिपची आवृत्ती. सुरुवातीला या दोघांकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

एक खरं उदाहरण घेऊ. देवासच्या बाजूच्या एका धर्मकाट्यावरचं मशीन माझ्याकडे आलं होतं. सोयाबीनचे दिवस. ट्रॉल्या रांगेत उभ्या. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिट विंडोज ७ वर चालणारं. वजन दाखवणारा डबा सीरियल पोर्टला जोडलेला, पावतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टला. हे दोन पोर्ट नव्या मशीनांवर सहसा नसतात, म्हणून तर हे मशीन अजून सांभाळलेलं. हार्ड डिस्क बदलून विंडोज टाकून दिलं एका दुकानानं, आणि सांगितलं की या बोर्डाचे ड्रायव्हर आता मिळत नाहीत.

मुनीमजी मशीन घेऊन आले. म्हणाले, "ताई, काटा चालतोय, पावती निघतेय, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही जात नाही. सगळं हातानं वहीत उतरवतोय. शेतकरी पैशासाठी खोळंबलेत."

बोर्डावर कंपनीचं नाव नव्हतं. नुसतं एच६१. मी डिव्हाइस मॅनेजर उघडलं. आधी एक गोष्ट बघा, सीरियल आणि पॅरलल पोर्ट पहिल्यापासून चालू होते. आवाजसुद्धा येत होता. या गोष्टींचे साधे ड्रायव्हर विंडोज ७ च्या पोटातच आहेत. म्हणजे "ड्रायव्हर नाहीत" म्हणजे सगळेच नाहीत असं कधीच नसतं. आधी मोजा, नेमकं काय कमी आहे.

इथं तीन पिवळी चिन्हं होती. एकावर लिहिलं होतं इथरनेट कंट्रोलर. आयडी बघितला: १०ईसी, ८१६८. रिअलटेकची गिगाबिट नेटवर्क चिप. ही चिप त्या काळातल्या असंख्य बोर्डांवर सापडते. दुसरं होतं एसएम बस कंट्रोलर: ८०८६, १सी२२. इंटेलच्या सहा मालिकेतल्या चिपसेटचा भाग. तिसरं, पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर: ८०८६, १सी३ए. नाव ऐकून लोकांना वाटतं मोडेम असेल. खरं म्हणजे ते इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन आहे.

चौथी गोष्ट पिवळी नव्हती, म्हणून नजरेतून सुटते. डिस्प्ले ॲडॅप्टरमध्ये "स्टँडर्ड व्हीजीए" असं लिहिलं होतं. याचा अर्थ विंडोजनं कामचलाऊ ड्रायव्हर लावलाय. आयडी ८०८६, ०१०२. हे ग्राफिक्स बोर्डावर नाही, प्रोसेसरच्या आत आहे. हे नीट लक्षात घ्या: अशा मशीनांत ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर बघून शोधायचा असतो. त्याच बोर्डावर उद्या दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर काढून तिसऱ्या पिढीचा लावला, तर आयडी बदलेल.

या चारांपैकी काट्याचं काम अडलं होतं ते एकाच चिपमुळे, नेटवर्कच्या. म्हणून आधी तीच.

आता आयडी हातात आल्यावर जायचं कुठं? माझा क्रम ठरलेला आहे.

पहिलं, बोर्डाच्या कंपनीचं पान अजून जिवंत असेल तर तेच. तिथं सगळं एका जागी मिळतं. मात्र बोर्डावर छापलेली आवृत्तीही बघा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांवर वेगवेगळ्या चिपा असू शकतात.

दुसरं, चिप बनवणाऱ्याची वेबसाइट. रिअलटेकच्या नेटवर्क चिपांना हे लागू पडतं.

तिसरं, आणि लोकांना सर्वांत कमी माहीत असलेलं, मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग. मायक्रोसॉफ्टचीच वेबसाइट. तिथल्या शोधाच्या चौकटीत व्हीईएनपासून डीईव्हीच्या क्रमांकापर्यंतचा तुकडा जसाच्या तसा चिकटवा. त्या चिपचे विंडोज अपडेटकडे आलेले ड्रायव्हर समोर येतात. प्रॉडक्ट्सच्या रकान्यात तुमचं विंडोज बघून डाउनलोड करा. कॅब नावाची फाइल मिळते. सेव्हन-झिपनं ती एका फोल्डरमध्ये उघडा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, आणि तो फोल्डर दाखवा. सेटअपची फाइल लागत नाही.

चौथं, इंटरनेट आर्काइव्हसारखं जतनाचं ठिकाण. कंपन्यांनी काढून टाकलेल्या फायली लोकांनी तिथं ठेवलेल्या आहेत. पण तिथली फाइल उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघा. सही इंटेलची, रिअलटेकची किंवा मायक्रोसॉफ्टची असली, आणि ती वैध आहे असं विंडोज म्हणालं, तरच पुढं जा. सही नसेल तर व्हायरस तपासल्याशिवाय हात लावू नका.

पाचवं ठिकाण माझ्या यादीत नाही. शोध घेतला की सगळ्यात वर जी पानं येतात, "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये", ती. ही ड्रायव्हर अपडेटरची दुकानं. त्यातली कित्येक आधी भीती घालतात, मग पैसे मागतात, आणि सोबत नको ती सॉफ्टवेअर बसवतात. आयडी वाचता येत असेल तर त्यांची गरज उरत नाही.

पण नेटच नाही तर हे सगळं उतरवायचं कसं? दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हनं आणा. विंडोज १० असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं लावून टेदरिंग सुरू करा, बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं. विंडोज ७ वर हे कधी चालतं कधी नाही, तिथं पेन ड्राइव्हच बरा.

उतरवलेला ड्रायव्हर आपल्याच चिपचा आहे का, हे बसवण्याआधी तपासता येतं. फोल्डरमध्ये आयएनएफ नावाची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडते. कंट्रोल आणि एफ दाबून आपला डीईव्ही क्रमांक शोधा. यादीत सापडला तर ड्रायव्हर त्या चिपला ओळखतो. नाही सापडला तर तो कितीही नवा असला तरी आपल्या कामाचा नाही. म्हणूनच "सगळ्यात ताजा" ड्रायव्हर जुन्या बोर्डाला नेहमी योग्य असतोच असं नाही. नव्या आवृत्त्यांत जुन्या चिपा यादीतून गळतात.

त्याच फाइलमध्ये एनटीएक्स८६ आणि एनटीएएमडी६४ असे शब्द दिसतील. पहिला ३२ बिट विंडोजसाठी, दुसरा ६४ बिटसाठी. त्यात एएमडी आहे म्हणून इंटेलवाल्यांनी दचकू नये. ६४ बिटची ती पद्धत एएमडीनं आणली, म्हणून नाव तसं राहिलं, एवढंच.

बसवण्याचा क्रम विचाराल, तर आधी चिपसेट, मग नेटवर्क, मग ग्राफिक्स, मग आवाज, बाकीचं शेवटी. इंटेलच्या चिपसेटच्या पॅकेजबद्दल मात्र एक गंमत सांगते. त्यात बहुतांशी फक्त आयएनएफ फायलीच असतात. विंडोजला सांगायचं, की ही वस्तू अमुक आहे, हिला वेगळा दुभाषी लागत नाही. एसएम बसचं पिवळं चिन्ह त्यानंच जातं. ते राहिलं म्हणून मशीन हळू चालतंय असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दरवेळी बसवण्याआधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा.

बसवताना अडथळा आला तर विंडोज कोड दाखवतं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण वस्तू सुरू होत नाही, मग दुसरी आवृत्ती लावून बघा. कोड ५२ म्हणजे सही पटत नाही. विंडोज ७ वर कोड ५२ चं एक नेहमीचं कारण आहे. नंतरच्या काळातले ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीनं सही केलेले असतात, आणि ताजं बसवलेलं विंडोज ७ ती सही ओळखत नाही. त्यासाठीचं अपडेट, केबी ४४७४४१९, त्याच कॅटलॉगमध्ये मिळतं. सही तपासणंच कायमचं बंद करून टाकायचा सल्ला काही जण देतात. कुलूप उघडत नाही म्हणून दार उखडण्यासारखं आहे ते.

आणखी दोन ठिकाणी हात आवरा. एक, ड्रायव्हर मिळत नाही म्हणून बायॉस अपडेट करू नका. बायॉस हा ड्रायव्हर नाही, आणि मध्येच वीज गेली तर बोर्डच जायचा. दोन, बायॉसमधला साटा मोड, आयडीई की एएचसीआय, विंडोज बसवल्यानंतर सहज म्हणून बदलू नका. निळा पडदा येतो आणि त्यावर शेवटी ७बी असतं. असं झालं तर मोड पूर्वीसारखा करा, मशीन सुरू होतं.

काट्याच्या मशीनवर रिअलटेकचा विंडोज ७ चा ड्रायव्हर बसला, नेटवर्क लागलं, पावत्या ऑफिसात जाऊ लागल्या. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत. म्हणून मी मुनीमजींना सांगितलं, "हे मशीन फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरशी बोलू दे, याच्यावर इंटरनेट नको, आणि कोणाचाही पेन ड्राइव्ह नको." जुनं मशीन चालवायचं तर एवढं पथ्य पाळावं लागतं.

विंडोज १० चंही १४ ऑक्टोबर २०२५ ला वय झालं. कोअर टू ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरांत नाही. अशा मशीनवर विशेष सॉफ्टवेअर अडकलेलं नसेल, फक्त पत्रं लिहायची, मुलांना शिकायचं, व्हिडिओ बघायचे असतील, तर लिनक्स मिंट किंवा लुबंटू पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघा. आज आपण जेवढ्या चिपांची नावं घेतली, त्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहेत. शोधाशोध नाही. आणि विंडोजच ठेवायचं असलं तरी अशा पेन ड्राइव्हचा उपयोग आहे. त्यावर आवाज, नेटवर्क चाललं, तर चिपा शाबूत आहेत याची खात्री होते.

आता शेवटचं, आणि माझ्या मते आजचं सगळ्यात मोलाचं. मशीन चालू आहे, तेव्हाच ड्रायव्हर बाजूला काढून ठेवा. विंडोज ७ असेल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी नावाचा फोल्डर आहे. तो पूर्ण कॉपी करा. विंडोज १० मध्ये डिझम नावाच्या आज्ञेला एक्सपोर्ट ड्रायव्हर हा पर्याय दिला की बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये येतात. पुढं कधी फॉरमॅट करावं लागलं तर डिव्हाइस मॅनेजरला हा फोल्डर दाखवायचा, आतले फोल्डरही बघ म्हणायचं, की विंडोज आपलं आपण शोधून घेतं. सोबत एका कागदावर प्रत्येक चिपचा व्हीईएन आणि डीईव्ही क्रमांक लिहा आणि तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवून टाका. हार्ड डिस्क गेली तरी कागद राहतो. मुनीमजींच्या मशीनमध्ये तो आहे.

कंपन्या पानं काढत राहणार. त्यांना आपण थांबवू शकत नाही. पण शाळेतलं, पतपेढीतलं, लॅबमधलं, काट्यावरचं जे मशीन आज व्यवस्थित चालतंय, त्याची प्रत घ्यायला अर्धा तास पुरतो. या आठवड्यात तुमच्या ओळखीतल्या एका जुन्या मशीनसाठी तो अर्धा तास काढा. अडलं तर आयडीचे दोन तुकडे लिहून पाठवा, पुढच्या भागात आपण ते घेऊ.